टेंपरेचर गनचा आकडा कधी खरा मानायचा आणि कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्कशॉपच्या देखभालीसाठी नवीन हँडहेल्ड इन्फ्रारेड थर्मामीटर (टेंपरेचर गन) घेतला. चालू मोटरच्या रंगवलेल्या बॉडीवर तो ६४ अंश दाखवतो, पण त्याच मोटरच्या चकचकीत शाफ्टवर फक्त ३७. पॅनेलमध्ये तांब्याच्या उघड्या बसबारवर (वीज वाटणाऱ्या जाड पट्टीवर) ३९ येतात आणि त्याच बसबारला जोडलेल्या केबलच्या काळ्या इन्सुलेशनवर, लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याच्या) अगदी जवळ, ७२. गन खराब आहे का? बदलून घ्यावी का? शिवाय लेझरचा डोळ्यांना त्रास होतो का, आणि हीच गन घरी ताप बघायला चालेल का?

गन बदलायला नेऊ नका. तुम्ही दिलेल्या चारही ठिकाणी तिनं तिचं काम नेमकं केलं आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एक गोष्ट आधी सांगते: ३९ हा आकडा पाहून बसबार गार आहे असं समजू नका, आणि ७२ हा आकडा सोडून देऊ नका. चारपैकी धरून चालण्यासारखे आकडे दोनच, ६४ आणि ७२. उरलेले दोन बहुतांशी आजूबाजूच्या वस्तूंचे आहेत. ७२ चं काय करायचं ते शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

ही गन हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण लेझरबद्दल विचारतो. माझ्या मते या उपकरणाचा मोठा धोका वेगळाच आहे. चकचकीत, तापलेल्या धातूवर गन आत्मविश्वासानं कमी आकडा दाखवते, आणि त्या आकड्याच्या भरवशावर माणूस हात लावतो, कव्हर उघडतो किंवा "ठीक आहे" असं लिहून पुढे जातो. म्हणून सुरक्षितपणे वापरणं आणि अचूक वापरणं या दोन गोष्टी मी वेगळ्या करत नाही.

आता हे होतं कसं ते पाहू. गन तापमान थेट मोजत नाही. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार उष्णतेचं प्रारण (रेडिएशन) बाहेर टाकत असते. या प्रकारच्या गनमध्ये त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा भाग भिंगातून सेन्सरवर येतो आणि त्यावरून आतलं सर्किट तापमानाचा हिशेब करतं. या हिशेबात एक गृहीतक दडलेलं असतं: समोरचा पृष्ठभाग आदर्श काळ्या वस्तूच्या (त्या तापमानाला जास्तीत जास्त प्रारण टाकणाऱ्या कल्पित वस्तूच्या) मानानं किती प्रारण टाकतो. त्या प्रमाणाला एमिसिव्हिटी म्हणतात. बहुतेक गनमध्ये ती ०.९५ वर ठेवलेली असते. स्वस्त मॉडेलमध्ये ती बदलताही येत नाही.

०.९५ हा आकडा उगाच निवडलेला नाही. रंग, रबर, कागद, लाकूड, काँक्रीट, पाणी, बहुतेक प्लास्टिक हे सगळे ०.९ ते ०.९७ च्या आसपास बसतात. त्यातही रंग काळा आहे की पांढरा यानं इथे फारसा फरक पडत नाही, कारण डोळ्यांना दिसणारा रंग आणि या तरंगलांबीतलं वागणं हे दोन वेगळे विषय आहेत. तुमची मोटर करडी असो की निळी, तिच्या बॉडीवरचे ६४ मी मान्य करीन. एमिसिव्हिटी ०.९५ ऐवजी ०.९२ असली तरी या तापमानाला फरक एखाद्या अंशाचा पडेल, आणि गनची स्वतःची चूकही साधारण तेवढी किंवा जास्तच असते.

घासलेल्या, पॉलिश केलेल्या धातूची गोष्ट निराळी. चकचकीत अॅल्युमिनियम किंवा तांब्याची एमिसिव्हिटी ०.०५ ते ०.१ इतकी खाली असू शकते. म्हणजे तो पृष्ठभाग स्वतःचं प्रारण फार थोडं टाकतो आणि समोरचं प्रारण परतवतो. या तरंगलांबीत तो शब्दशः आरसा असतो. तुम्ही गन रोखता तेव्हा त्या आरशात भिंत, छत, पॅनेलचं दार आणि तुम्ही स्वतः दिसत असता, आणि गन मुख्यतः त्यांचंच तापमान सांगते.

आकड्यांत पाहू. समजा अॅल्युमिनियमचा एक घासलेला ठोकळा खरोखर ८० अंशांवर आहे, त्याची एमिसिव्हिटी ०.१ आणि खोलीचं तापमान ३० अंश. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं हा स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम धरून ढोबळ गणित केलं, तर ०.९५ वर लावलेली गन ३६-३७ अंश दाखवते. ठोकळ्याला क्षणभर हात टेकवला तरी भाजेल आणि स्क्रीनवर अंगाच्या तापमानाइतका आकडा असेल. तुमच्या शाफ्टचे ३७ आणि बसबारचे ३९ याच जातीचे आहेत. त्यांवरून खरं तापमान काढता येत नाही. फक्त एवढं कळतं की तो पृष्ठभाग चकचकीत आहे.

उलटंही घडतं. भट्टीजवळ ठेवलेला गार, पॉलिश केलेला पत्रा भट्टीचं प्रारण परतवतो आणि गरम असल्याचं दाखवतो. उघड्यावरच्या कोऱ्या पत्र्याच्या छपरात निरभ्र आकाशाचं प्रतिबिंब पडतं. आकाश या तरंगलांबीत फार थंड असतं, त्यामुळे पत्रा उन्हानं तापलेला असूनही आकडा भलताच कमी येतो. म्हणून धातूवर गन रोखण्याआधी माझी एक सवय आहे. तो पृष्ठभाग चमकतोय का ते मी बघते, आणि चमकत असेल तर त्याच्या समोर, आजूबाजूला काय आहे तेही बघते. जागेवरून थोडं बाजूला सरकून पुन्हा रीडिंग घेतलं आणि आकडा बदलला, तर तो प्रतिबिंबाचा आकडा आहे हे नक्की समजावं.

मग धातूचं तापमान घ्यायचं कसं? सोपा आणि भरवशाचा उपाय म्हणजे काळी विनाइलची इन्सुलेशन टेप. तिची एमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळपास असते, म्हणजे गनच्या गृहीतकाशी जुळते. मशीन बंद आणि गार असताना, विजेचा भाग असेल तर पुरवठा तोडून, धातूवर टेपचा तुकडा सुरकुती न पडता, हवेचा बुडबुडा न राहता घट्ट बसवायचा. तुकडा गनच्या स्पॉटपेक्षा, म्हणजे गन एका वेळी पाहते त्या वर्तुळापेक्षा, मोठा हवा. मशीन सुरू करून तापमान स्थिरावू द्यायचं आणि मग टेपवर रीडिंग घ्यायचं. टेप पातळ असल्यानं ती काही मिनिटांत खालच्या धातूच्या तापमानाला येते. तिची स्वतःची मर्यादा मात्र पाहा. साधी टेप ८० अंशांची असते, चांगली १०५ ची. त्यावर ती मऊ पडते, गोंद सुटतो. जास्त तापणाऱ्या भागासाठी उष्णता सोसणारा मॅट रंग लावलेला बरा. फिरणाऱ्या शाफ्टवर टेप लावू नका, ती सुटून कशात तरी अडकेल. शाफ्टऐवजी बेअरिंगच्या रंगवलेल्या हाउसिंगवर मोजा. देखभालीसाठी उपयोगी आकडा तिथेच मिळतो.

गनमध्ये एमिसिव्हिटी बदलता येत असेल तर टेपचा आणखी एक उपयोग आहे. टेपवर आकडा घ्या, मग लगेच शेजारच्या उघड्या धातूवर गन रोखून एमिसिव्हिटी कमी करत जा. दोन्ही आकडे जुळले की त्या पृष्ठभागाची एमिसिव्हिटी हाती आली. गंजलेलं किंवा काळवंडलेलं लोखंड, ऑक्सिडाइझ झालेला पत्रा यांसाठी ही युक्ती छान चालते, कारण तिथे किंमत ०.६ ते ०.९ मध्ये येते. पण ती ०.३ च्या खाली आली तर मी त्या पृष्ठभागावर उघडं मोजण्याचा नाद सोडते. तिथे हवेतला, भिंतीतला, उभं राहण्याच्या जागेतला छोटासा बदलही आकड्याला कितीतरी अंश हलवतो. छापील तक्त्यातून एमिसिव्हिटी उचलून लावण्यावरही माझा फार विश्वास नाही. तक्त्यात "तांबं, पॉलिश केलेलं" असं लिहिलेलं असतं. तुमच्या पॅनेलमधलं तांबं अर्धवट काळं, कुठे बोटांचे डाग पडलेलं, कुठे टिनचा मुलामा दिलेलं असतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवते. धातूतलं खोल भोक, खाच, दोन पत्र्यांमधला कोपरा हे शेजारच्या सपाट भागापेक्षा जास्त गरम दिसतात. तिथे खरोखरच उष्णता जास्त असते असं नाही. पोकळीत प्रारण पुन्हापुन्हा आपटून बाहेर येतं, त्यामुळे ती काळ्या वस्तूसारखी वागते. व्यासाच्या पाच-सहा पट खोल भोकातलं रीडिंग चकचकीत धातूतही खऱ्याच्या बरंच जवळ असतं. पण गनचा पूर्ण स्पॉट त्या भोकात मावला पाहिजे, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं.

स्पॉटबद्दल. गनवर ८:१, १२:१, ३०:१ असं काहीतरी छापलेलं असतं. १२:१ म्हणजे १२ सेंटिमीटर अंतरावर गन १ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ पाहते, ६० सेंटिमीटरवर ५, आणि १ मीटरवर ८ सेंटिमीटरहून थोडं जास्त. टॉर्चचा झोत दूर जाताना पसरतो तसंच हे, फक्त उलट दिशेनं. आकडा त्या सगळ्या वर्तुळाचा मिळून असतो. लेझरचा लाल ठिपका बारीक असल्यामुळे त्या ठिपक्याचंच तापमान दिसतंय असं वाटतं. पण लेझरचा मोजणीशी काही संबंध नाही, तो फक्त नेम धरायला आहे. शिवाय तो भिंगापासून थोडा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे अगदी जवळून मोजताना ठिपका एका जागी आणि मोजणी जरा दुसऱ्या जागी होते.

लहान वस्तू दुरून मोजली तर काय होतं पाहा. एक लग ९० अंशांवर आहे, पण स्पॉटचा पाव भागच तो व्यापतो. उरलेला तीन चतुर्थांश भाग मागच्या ३५ अंशांच्या पत्र्याचा. दोन्हींची एमिसिव्हिटी सारखी धरली तरी गन ५१ च्या आसपास दाखवेल. जळायला आलेला जोड "जरा कोमट" दिसेल. म्हणून मोजायची वस्तू स्पॉटच्या निदान दुप्पट मोठी हवी. नेम थोडा हलला, लेझर बाजूला पडला, स्पॉटच्या कडेबाहेरचं थोडं प्रारण आत आलं, तरी ते त्यात खपून जातं. कोनाकडेही लक्ष असू द्या. शक्यतो समोरून मोजा. ४५ अंशांपर्यंत तिरकं चालतं. त्यापलीकडे स्पॉट लांबट होतो आणि फार तिरक्या कोनात रंगाची, रबराचीसुद्धा एमिसिव्हिटी घसरते.

मध्ये काच असेल तर गन काचेचंच तापमान सांगते. डोळ्यांना काच पारदर्शक, पण ८ ते १४ मायक्रोमीटरला ती भिंतीसारखी अपारदर्शक. पॅनेलवरच्या अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या कव्हरचंही तेच. आतलं मोजल्याच्या समजुतीत अनेक तपासणी वह्या अशा कव्हरच्या तापमानानं भरलेल्या मी पाहिल्या आहेत. वाफ, धूर, धूळ यांमधूनही मोजू नका.

तरल पदार्थावर गन फक्त वरच्या पापुद्र्याचं तापमान देते. तेलाच्या टाकीत वर ६० आणि खाली भलतंच काही असू शकतं. ढवळून लगेच मोजा, नाहीतर आत बुडवायचा प्रोब वापरा.

आता तुमचा लेझरचा प्रश्न. अशा गनमधला लेझर बहुधा क्लास २ चा, १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असतो. डोळ्यांत चुकून पडला तर पापणी आपसूक मिटते आणि साधारण तेवढ्यानं संरक्षण होतं. पण कोणी मुद्दाम त्याकडे बघत राहिलं किंवा दुर्बिणीतून पाहिलं तर हे संरक्षण राहत नाही. म्हणून गन माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडाकडे रोखू नका, मुलांच्या हाती देऊ नका. आणखी एक: जो चकचकीत शाफ्ट उष्णतेचं प्रारण परतवतो तोच लेझरही परतवतो, आणि परतलेला किरण कुठे जाईल ते सांगता येत नाही. तुम्ही डोळ्यांच्या पातळीवर असा धातू मोजत असाल तर लेझर बंद करा; बऱ्याच गनमध्ये त्याचं वेगळं बटण असतं. गनवर लेझरच्या वर्गाची पट्टीच चिकटवलेली नसेल तर ती गन मी वापरणार नाही.

लेझर सोडला तर गन बाहेर काहीही टाकत नाही. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, कपाळावर रोखलेल्या थर्मामीटरमधून इन्फ्रारेड किरण मेंदूत जातात अशी अफवा बरीच फिरली होती. तसं काही नाही. उपकरण फक्त येणारं प्रारण घेतं.

ताप बघायला मात्र तुमची गन वापरू नका, आणि इथे मी ठाम आहे. औद्योगिक गनची चूक साधारण अधिक-उणे १.५ ते २ अंश असते. ३७ आणि ३९ मधला फरक हा घरातल्यांसाठी काळजीचा प्रश्न असतो, आणि तुमच्या गनसाठी तो तिच्या चुकीच्या मर्यादेतच बसतो. स्क्रीनवर दशांश दिसतो म्हणून ती दशांशापर्यंत अचूक आहे असं होत नाही. शिवाय कपाळाची कातडी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा गार असते. वैद्यकीय कपाळ-थर्मामीटर तो फरक हिशेबात धरून आतल्या तापमानाचा अंदाज देतो आणि ०.३ अंशांच्या आसपासच्या अचूकतेसाठी बनवलेला असतो. तुमची गन कातडीचे ३४ दाखवेल आणि तापलेलं मूल ठीक वाटेल. वैद्यकीय थर्मामीटर वापरतानाही घाम पुसून घ्या, केस बाजूला करा, आणि बाहेरून आलेल्या माणसाला थोडा वेळ सावलीत बसू द्या.

गनची स्वतःची तब्येत हाही आकड्याचा भाग आहे. आतला सेन्सर समोरच्या वस्तूचं तापमान स्वतःच्या तापमानाशी तुलना करून काढतो. म्हणून गार खोलीतून गन काढून थेट तापलेल्या बॉयलर रूममध्ये नेली तर सुरुवातीचे आकडे भटकतात, दमट हवेत भिंगावर दवही धरतं. नवीन जागी गेल्यावर अर्धा तास तिला तशीच राहू द्या. भट्टीसमोर फार वेळ धरून ठेवली की तिचं अंग तापतं आणि पुन्हा तोच घोळ होतो. रीडिंग घ्यावं आणि मागे व्हावं. चालू वेल्डिंग आणि इंडक्शन हीटरजवळही आकडा बिघडू शकतो. ज्वलनशील वायू किंवा वाफा असण्याची शक्यता आहे अशा जागी साधी गन नेऊच नये. त्यासाठी तशी प्रमाणित उपकरणं वेगळी मिळतात.

भिंग खोलगट जागी असल्यामुळे तिथे धूळ साचते आणि आकडा हळूहळू कमी येऊ लागतो. आधी फुंकणीनं हवा मारा, मग कापसाच्या काडीनं हलक्या हातानं पुसा. काडीला काय लावायचं ते माहितीपत्रकात पाहा, कारण काही भिंगं प्लास्टिकची असतात आणि सॉल्व्हंटनं खराब होतात. शर्टाच्या बाहीनं पुसणं टाळा.

गन बरोबर आहे की नाही याची शंका असेल तर बर्फाची चाचणी घ्या. बर्फ बारीक कुटून रुंद तोंडाच्या भांड्यात भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, काही मिनिटं थांबा आणि चांगलं ढवळा. लगेच सरळ वरून, स्पॉट भांड्याच्या कडेला लागणार नाही एवढ्या अंतरावरून मोजा. एमिसिव्हिटी ०.९५ वर ठेवून ० च्या आसपास, माहितीपत्रकातल्या चुकीच्या मर्यादेत आकडा आला की त्या टोकाला गन ठीक आहे. उकळत्या पाण्यावर ही चाचणी घेऊ नका. वाफ मध्ये येते, भिंगावर बसते, आणि बाष्पीभवनामुळे पाण्याचा वरचा थरही थोडा गार असतो. वरच्या टोकासाठी गरम पाण्यानं भरलेल्या धातूच्या भांड्याला बाहेरून टेप लावा, तिथेच थर्मोकपल (स्पर्शानं तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) चिकटवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मोजणीवर पैशांचा किंवा सुरक्षेचा निर्णय अवलंबून असेल तर एवढ्यावर न थांबता प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या.

थोडक्यात, तुमच्यासारखं रीडिंग समोर आलं की मी या क्रमानं विचार करते: पृष्ठभाग चमकतोय का, स्पॉट वस्तूत पूर्ण मावतोय का, मध्ये काही आहे का, आणि गन जागेच्या हवेशी जुळली आहे का. चारही ठीक असतील तरच आकड्याबद्दल बोलायचं.

आता ७२. केबलचं काळं इन्सुलेशन हा गनसाठी चांगला पृष्ठभाग आहे, त्यामुळे हा आकडा मी गंभीरपणे घेईन. उलट स्पॉट केबलपेक्षा मोठा पडला असेल तर खरं तापमान याहून जास्तच असणार. साध्या पीव्हीसी केबलच्या कंडक्टरची मर्यादा सर्वसाधारणपणे ७० अंश असते, एक्सएलपीई या दुसऱ्या प्रकारच्या इन्सुलेशनच्या केबलची ९०. केबल कोणती ते तिच्यावरच्या छपाईत सापडेल. पीव्हीसी असेल तर बाहेरून ७२ म्हणजे आत त्याहून जास्त, आणि मर्यादा ओलांडलेली. यात वाट बघण्यासारखं काही नाही.

तरीही एका आकड्यावरून निदान करू नका. तिन्ही फेजच्या केबलवर लगपासून सारख्याच अंतरावर रीडिंग घ्या, आणि प्रत्येक फेजचा करंट नोंदवा. तिन्ही ७० च्या घरात आणि करंटही सारखा, तर प्रश्न केबलच्या जाडीचा, जास्तीच्या लोडचा किंवा पॅनेलमध्ये हवा न खेळण्याचा आहे. एकच फेज गरम आणि करंट मात्र तिन्हींत सारखा, तर त्या जोडाचा विद्युत रोध (रेझिस्टन्स) वाढला आहे. सारख्या लोडवर सारख्या दोन जोडांमध्ये १५ अंशांहून जास्त फरक दिसला तर तो गंभीर दोष मानून ताबडतोब दुरुस्ती करावी, असा विद्युत तपासणीत रूढ दंडक आहे. चार-पाच अंशांचा फरकही नोंदवून दुरुस्तीच्या यादीत घालण्याजोगा असतो. आणि लग केबलपेक्षा गरम की केबलच सारखी गरम, हेही पाहा. जोडातला दोष असेल तर लगपासून दूर जाताना इन्सुलेशनवरचा आकडा उतरत जातो.

लोडची नोंद विसरू नका. जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अर्ध्या लोडवर ती पावच होते, म्हणून सकाळी मशीन रिकामं चालत असताना घेतलेलं छान रीडिंग दुपारच्या पूर्ण लोडबद्दल काही सांगत नाही. निदान ४० टक्के लोड असल्याशिवाय अशी तपासणी करण्यात अर्थ नसतो.

पण हे सगळं चालू पॅनेलचं दार उघडून करायचं आहे, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. गनला स्पर्श लागत नाही म्हणून काम निर्धोक आहे असं मानू नका. ३ सेंटिमीटरच्या लगवर १२:१ ची गन नीट वापरायची तर ती १८ सेंटिमीटरपर्यंत न्यावी लागते. म्हणजे हात चालू बसबारच्या टीचभर अंतरावर. कोणतीही मोजणी एवढ्या मोलाची नाही. आर्क फ्लॅश (हवेतून वीज उडून होणारा भडका) झाला तर स्पर्श न करताही माणूस भाजतो. अशा कामाला ५०:१ ची गन (७५ सेंटिमीटरवर तिचा स्पॉट दीड सेंटिमीटर पडतो) किंवा थर्मल कॅमेरा हवा, आणि चालू पॅनेल उघडणारा माणूस प्रशिक्षित, अधिकृत आणि आर्क फ्लॅशचा पोशाख घातलेला हवा. तो माणूस तुम्ही नसाल तर दार बंद ठेवा, ७२ ची खबर त्याला लेखी द्या आणि लोड उतरवायला सांगा. वारंवार तपासणी करायची असेल तर दारात इन्फ्रारेड खिडकी बसवून घेता येते. तिची खास चकती हे प्रारण आत-बाहेर जाऊ देते आणि दार उघडावं लागत नाही.

दुरुस्ती पुरवठा तोडून, कुलूप लावून आणि टेस्टरनं वीज नाही याची खात्री करूनच. गनमध्ये व्होल्टेज दिसत नाही. गार भागातही पूर्ण विद्युत दाब असू शकतो. बोल्ट टॉर्क रेंचनं, उत्पादकानं दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. त्याच शटडाउनमध्ये तिन्ही लगांजवळच्या सपाट जागी टेपचा एकेक तुकडा बसवून टाका, पुढच्या प्रत्येक तपासणीत एकाच जागी मोजता येईल. पुरवठा चालू केल्यावर पूर्ण लोडवर तासभर जाऊ द्या आणि पुन्हा तिन्ही फेजचे आकडे घ्या. तो एकच फेज अजूनही वेगळा दिसत असेल तर बोल्ट आणखी आवळू नका. बोल्ट तुटेल किंवा आटे जातील, आणि दोष तसाच राहील. पुन्हा शटडाउन घ्या, लग उघडा, बैठकीचे दोन्ही पृष्ठभाग काळे पडलेत का ते बघा आणि क्रिम्प (लगमध्ये केबल दाबून बसवलेली जागा) ओढून पाहा. क्रिम्प सैल निघाला तर केबलचा तापलेला तुकडा कापून नवीन लग बसवावा लागेल.